पाणी फुटतं, पण मासा लागत नाही: उथळ तलावात टॉपवॉटरवर बॅस

तुमचा प्रश्न मी असा समजलो. दीड वर्षापूर्वी तुम्ही साताऱ्याहून ऑर्लँडोला आलात. लहानपणी कृष्णेवर गळ टाकायची सवय होती, म्हणून इथेही शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास किसिमीला टोहो तलावाच्या काठावर बॅस, म्हणजे इथला मोठ्या तोंडाचा शिकारी मासा, धरायला जाता. तुमच्याकडे दोन टॉपवॉटर लुअर, म्हणजे पाण्यावर तरंगत खेळवायची बनावट आमिषं आहेत, एक झारा स्पूक (सिगारच्या आकाराचं, कडक) आणि एक पोकळ रबरी बेडूक. गेल्या महिन्यात सात-आठ वेळा लुअरवर पाणी फुटलं, दोनदा मासा डोळ्यांनी दिसला, पण हाताला लागला एकच. स्पूक तर दर फेकीला गवत घेऊनच येतो. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की लुअरचा रंग कोणता घेऊ.

रंगाचं बोलू, पण अगदी शेवटी. महिन्याभरात सात-आठ बॅस तुमच्या लुअरवर आले, याचा अर्थ जागा चुकीची नाही, लुअर चुकीचं नाही आणि रंगही माशांना चालला. काठावरून, ऊन वर आल्यावर एवढे मासे वर काढणं ही चांगलीच कमाई आहे. अडचण मासा आल्यानंतरच्या एका सेकंदात आहे. तो सेकंद आपल्यासारख्यांना जास्त अवघड जातो, कारण आपला हात भेंडावर तयार झालेला असतो.

कृष्णेवर आपण काय करायचो? बांबूची काठी, दोरीला भेंडाचा तुकडा, खाली गांडूळ. डोळे भेंडावर. भेंड दोनदा डचमळलं आणि सर्रकन खाली गेलं की मनगटाचा हिसका. तिथे ते बरोबर होतं. भेंड खाली गेलं म्हणजे गांडूळ माशाच्या तोंडात आहे आणि तो घेऊन निघालाय, हे नक्की असायचं. टॉपवॉटरमध्ये पाणी फुटलं म्हणजे मासा लुअरपर्यंत आला, एवढंच नक्की असतं. लुअर तोंडात गेलं की नाही, हे डोळ्याला कळत नाही आणि कानालाही नाही. कळतं ते फक्त हाताला, दोरीवर वजन आलं की. डोळ्याच्या सांगण्यावरून हिसका दिला की लुअर माशाच्या तोंडासमोरून निघून येतं. तुमच्या सात-आठांपैकी बहुतेक असेच गेले असणार, कारण माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली.

मासा नेमकं काय करतो ते बघा, म्हणजे थांबायचं का हे पटेल. बॅस भक्ष्याला दाताने पकडत नाही, तो ते ओढून घेतो. तोंड आणि कल्ले झटक्यात फाकवतो, आत पोकळी तयार होते आणि पाण्याबरोबर भक्ष्य आत खेचलं जातं. भक्ष्य पाण्याखाली असेल तर हे जवळजवळ चुकत नाही. पण लुअर पाण्यावर तरंगत असेल तर पाण्याबरोबर हवाही ओढली जाते आणि जोर कमी पडतो. त्यात वर कमळाच्या पानांचा किंवा गवताचा थर असेल तर लुअर त्या थरावर अडकून राहतं आणि माशाच्या तोंडात नुसता पालापाचोळा जातो. म्हणजे पहिल्या झेपेत लुअर निसटणं हे टॉपवॉटरमध्ये ठरलेलंच आहे. अशा वेळी लुअर जागेवर राहिलं तर बॅस पुष्कळदा परत वळतो. हिसका देऊन तुम्ही ते दोन मीटर लांब नेलंत, तर त्याला परत यायला काही उरत नाही.

आता हाताचं. लुअर खेळवताना रॉडचं टोक खाली ठेवा, घड्याळातल्या आठच्या काट्यासारखं. पाणी फुटलं की काहीही ओढायचं नाही. मी मनात एकदा ‘पांडुरंग’ म्हणतो, चारही अक्षरं पूर्ण. तेवढ्या वेळात टोक लुअरच्या दिशेने आणखी खाली नेतो आणि रील एखादा वेढा फिरवून ढिली दोरी भरून घेतो. मग दोरी जड लागली तर मारायचं, म्हणजे गळ माशाच्या तोंडात रुतवायचा, आणि हलकीच असली तर लुअर आहे तिथे पडू द्यायचं. दोन-तीन सेकंदांनी त्याला जरासं थरथरवायचं, बस्स.

मारण्याची पद्धत मात्र लुअरप्रमाणे बदलते. बेडकाला दोन जाड गळ असतात आणि ते रबराच्या अंगाला चिकटलेले असतात. रबर दबून ते उघडे व्हायचे, तर दोन्ही हातांनी, कमरेतून जोर लावून रॉड वर न्यावा लागतो, आणि लगेच मासा गवताच्या वर काढून आपल्याकडे खेचत राहावं लागतं. एकदा त्याने गवतात डोकं घातलं की चार पौंडांचा मासा चाळीस पौंडांचा होतो. स्पूकला तीन टोकांचे बारीक गळ असतात. तिथे एवढा जोर लावलात तर गळ माशाचं तोंड फाडून येईल. तिथे फक्त रील फिरवत राहायचं आणि रॉड बाजूला झुकवायचा, गळ आपोआप बसतात. दोन्ही लुअरना एकच हात वापरणं ही मी नव्या लोकांमध्ये सर्रास बघतो ती चूक आहे.

हे सगळं वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. गेल्या मे महिन्यातली सकाळ, टोहोच्याच एका आतल्या वळणात मी कायाकमध्ये. वारा नव्हता. कमळाच्या पानांखालून चक्, चक् असा आवाज येत होता, जणू कोणी ओठ मिटून चोखतंय. ते ब्लूगिल, तळहाताएवढे मासे, पानांच्या खालचे किडे टिपणारे. तो आवाज ऐकला की मी तिथून हलत नाही, कारण ब्लूगिल जिथे जेवतात तिथे त्यांना खाणारा जवळ असतो. बेडूक पानांवर टाकला, एका पानावरून दुसऱ्यावर चढवत आणला आणि दोन पानांमधल्या परातीएवढ्या मोकळ्या पाण्यात थांबवला. काही नाही. पाच-सहा सेकंद गेले. मग उजव्या बाजूचं एक पान, बेडकापासून हातभर लांब, देठासकट हललं. वारा नव्हता, हे मी वर लिहिलंय. मी बेडूक जरासा थरथरवला, पाय हलतील इतकाच, आणि ते भोक उलटं झालं. तीस वर्षं मासे मारूनही त्या क्षणी हात वर जायला बघतो. मी ‘पांडु’वर होतो तेव्हा दोरी सरळ खाली चालू लागली. मासा सव्वासहा पौंडांचा निघाला, आणि दोन्ही गळ तोंडाच्या छतात बसले होते. पाण्याच्या आवाजावर मारलं असतं तर तो नक्की गेला असता.

आता गवताचं. तुमचा स्पूक दर वेळी गवत आणतो, कारण तो या जागेसाठी नाहीच. स्पूक मोकळ्या पाण्याचा. त्याला डावीकडे-उजवीकडे चालवायला जागा लागते, आणि त्याचे उघडे गळ काडीकाडीला अडकतात. गवताच्या बाहेरच्या कडेला समांतर फेकता आला तर उत्तम, पण काठावर उभं राहून तो कोन मिळणं कठीण.

इथे तलाव उथळ असण्याचा मुद्दा येतो, आणि तुमच्या प्रश्नात मला हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मध्य आणि दक्षिण फ्लोरिडातले तलाव म्हणजे पसरलेली ताटं. ओकीचोबीचंच घ्या, क्षेत्रफळ १,९०० चौरस किलोमीटरच्या आसपास आणि सरासरी खोली जेमतेम २.७ मीटर. खोल धरणात ऊन चढलं की मासा खाली जातो. उथळ तलावात खाली जायला जागाच नसते, म्हणून तो आडवा सरकतो आणि सावलीसाठी गवतात शिरतो. तुम्ही नऊ वाजता पोचता तेव्हा तो गेला कुठेच नसतो. तो तुमच्यापासून वीस फुटांवर, पानांच्या छपराखाली असतो. नऊनंतर स्पूक डब्यात ठेवा आणि बेडूक जाड गवतात, पानांच्या मधोमध टाका. छप्पर जितकं दाट, तितकं भर दुपारीसुद्धा टॉपवॉटर चालतं. पहाटे आणि संध्याकाळीच टॉपवॉटर, हा नियम मोकळ्या पाण्याचा आहे.

लवकर जाता आलं तर जाच. पण एक अपवाद सांगतो. उन्हाळ्यात फार दाट हायड्रिला या पाणवनस्पतीच्या आत पहिला तासभर कधीकधी काहीच हालचाल नसते. वनस्पती रात्रभर प्राणवायू वापरतात, तयार करत नाहीत, त्यामुळे दाट गवताच्या पोटात उजाडण्याच्या सुमाराला प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्या वेळी मी कडा धरतो, वाऱ्याने पाणी हलतं ती बाजू धरतो, आणि ऊन पडल्यावर आत जातो.

हायड्रिला आपल्या भागातलीच वनस्पती आहे. १९५०च्या दशकात फिशटँकच्या व्यापारातून ती इथे आली आणि माजली. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. ती इथेही पसरली आणि आपल्या पंचगंगेत, मुळा-मुठेतही. तलाव सांभाळणाऱ्यांना दोन्हींचा त्रास आहे आणि त्या काढण्यासाठी फवारणीही होते. म्हणून मागच्या महिन्यात हिरवीगार असलेली जागा या महिन्यात तपकिरी, कुजकी दिसली तर तिथे वेळ घालवू नका. कुजणारं गवत प्राणवायू खातं आणि मासा ती जागा सोडतो. हिरवं, ताठ गवत शोधा. किसिमी ग्रास म्हणतात ते पात्याचं गवत उभं असेल तर तळ बहुतेक वाळूचा, पायाखाली घट्ट असतो, आणि बॅसला घट्ट तळ आवडतो.

आणखी एक गोष्ट टोहोपुरती. या तलावाची पातळी दरवाज्यांनी राखली जाते आणि पावसाळा, वादळं यायच्या आधी ती उतरवतात. मार्चमध्ये तुम्हाला मासा दिलेली काठाची जागा मे अखेरीस कोरडी असू शकते. तेव्हा मासा संपला असं समजू नका, त्याच्या मागे पुढच्या गवताच्या पट्ट्यापर्यंत सरका.

हंगामावर किती अवलंबून आहे? बरंच. पाणी साधारण ६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १८ सेल्सिअसच्या वर असेल तर मी टॉपवॉटर निर्धास्त बांधतो. इथे ते वर्षातला बहुतेक काळ असतं. हिवाळ्यात थंडीची लाट येऊन गेली, आकाश निळंशार आणि हवा कोरडी झाली, की दोन-तीन दिवस टॉपवॉटर विसरा. उथळ पाणी एका रात्रीत थंड होतं आणि मासा गवतात तोंड मिटून बसतो. डिसेंबर-जानेवारीपासून वसंतापर्यंत अंडी घालण्याचा काळ. याच टोहोवर जानेवारी २००१ मध्ये डीन रोहासने स्पर्धेच्या एका दिवसात पाच बॅसचं ४५ पौंड २ औंस वजन केलं, म्हणजे साडेवीस किलोच्या आसपास. पुढे त्याच रोहासने ब्रॉन्झआय हा पोकळ बेडूक डिझाइन केला. तुमचा बेडूक त्याच घराण्यातला असेल. पण अंड्यांच्या दिवसांत मोठ्या मादीला पाण्यावर उचलणं कठीण असतं. पिल्लं बाहेर पडल्यावर नर त्यांची राखण करतो, तेव्हा तो पाण्यावरच्या कशावरही तुटून पडतो. तुमच्या सात-आठांतले एक-दोन असे नुसते हुसकावणारे असू शकतात. पाण्यावर बारीक पिल्लांचा काळा ढग दिसला तर मी तिथे टाकत नाही. नर गेला की ब्लूगिल ती पिल्लं काही मिनिटांत फस्त करतात. सुट्टीत घरी गेलात आणि हाच बेडूक मरळीसाठी वापरलात, कारण तिलाही तो फार आवडतो, तर तिच्याही लालसर पिल्लांच्या थव्यावर टाकू नका. तिथे तर आई-बाप दोघंही राखणीला असतात.

साहित्याचं थोडक्यात. बेडकासाठी ५० ते ६५ पौंडांची ब्रेड (विणलेली) दोरी, थेट बेडकाला पालोमार गाठीने. ती तरंगते, ताणत नाही आणि देठ कापते. रॉड सात फुटांच्या वरचा, हेवी. स्पूकसाठी मऊ, वाकणारा मीडियम रॉड, आणि दोरी तरंगणारी. फ्लुरोकार्बनची दोरी लावू नका, ती बुडते आणि स्पूकचं नाक खाली ओढते. नवा बेडूक आणलात की त्याचे दोन्ही गळ पक्कडीने केसभर बाहेर वाकवा, आणि रबरी पाय इंचभर कापा, एक दुसऱ्यापेक्षा किंचित आखूड. लांब पाय माशाच्या तोंडाबाहेर राहतात आणि तो नुसते पायच धरतो. दर पाच-सहा फेकींनंतर बेडूक दाबून आतलं पाणी काढा, नाहीतर तो बुडायला लागतो.

दुसरा रॉड असेल तर त्याला बिनवजनाचा सेन्को, म्हणजे मऊ प्लास्टिकचं गांडूळ, लावून जवळ ठेवा. बेडकावर पाणी फुटलं आणि मासा परत आला नाही, तर त्याच भोकात सेन्को टाकून नुसता बुडू द्या. हुकलेल्या माशांपैकी मला परत मिळालेले बरेचसे असेच मिळालेत.

आता रंग. मासा लुअरकडे खालून बघतो, मागे आकाश असतं. त्याला पोट आणि आकार दिसतो, पाठीवरची नक्षी दिसत नाही. अंधुक उजेड, ढग, दाट पानं, गढूळ पाणी असेल तर काळं पोट, कारण त्याची सावली ठसठशीत पडते. स्वच्छ ऊन आणि मोकळी जागा असेल तर पांढरं किंवा पिवळसर पोट. काळा आणि पांढरा, एवढे दोन बेडूक मला वर्षभर पुरतात.

सुरक्षेच्या दोन-तीन गोष्टी मी कोणालाही सांगितल्याशिवाय राहत नाही. इथल्या माझ्या दुसऱ्या वर्षी मी असाच घाईचा हिसका दिला, स्पूक पाण्यातून सुटून सरळ तोंडावर आला आणि गळ भुवईत रुतला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. पोलराइज्ड चष्मा घालाच, त्याने पाण्यातलंही दिसतं. ॲलिगेटर बेडकाच्या मागे येतात. पाण्यात एक सरळ, संथ रेघ लुअरकडे सरकताना दिसली तर लुअर लगेच काढा आणि जागा बदला. गुडघाभर पाण्यातही उतरू नका, मुलं बरोबर असतील तर त्यांना कडेपासून मागे ठेवा. आणि उन्हाळ्यात दुपारचा पहिला गडगडाट ऐकू आला की निघायचं. हातातला ग्रॅफाइटचा रॉड वीज वाहून नेतो.

लायसन्स काढलं नसेल तर आधी काढा. फ्लोरिडाच्या रहिवाशाला गोड्या पाण्याचं वर्षाचं १७ डॉलरला मिळतं. नियमाने दिवसाला पाच बॅस ठेवता येतात, त्यात १६ इंच किंवा त्याहून मोठा एकच. मी मोठे सगळे सोडतो. जड मासा नुसत्या जबड्याने उभा लटकवू नका, दुसरा हात पोटाखाली द्या, आणि उन्हाळ्यात मिनिटभरात परत पाण्यात. आठ पौंडांच्या वरचा मिळाला तर काट्यावर वजन दिसेल असा पूर्ण माशाचा फोटो काढून सोडा आणि ट्रॉफीकॅच या मोठ्या बॅसच्या नोंदी ठेवणाऱ्या राज्याच्या उपक्रमात नोंद करा. त्या नोंदींवरून कोणत्या तलावात मोठे मासे टिकून आहेत ते त्यांना कळतं.

पुढच्या शनिवारी फक्त बेडूक न्या, आणि किती मासे मिळाले याच्याऐवजी किती वेळा थांबता आलं ते मोजा. तुम्ही टोहोच्या कुठल्या बाजूला उभे राहता आणि रीलवर सध्या कोणती दोरी आहे तेवढं कळवा. नायलॉन असेल तर ती इतकी ताणते की जाड गवतात बेडकाचे गळ नीट बसणारच नाहीत. मग थांबायला शिकूनही मासे सुटतील आणि तुम्हाला वाटेल की माझं सांगणं चुकलं. तसं असेल तर शनिवारच्या आधी दोरी बदला.